गादी आणि खिळा

त्याला सगळे गादी म्हणत. आईबापांनी हौसेनं ठेवलेलं नाव होतं, नाही असं नाही, पण ते बायकोसुद्धा फार चिडली तरच काढायची. धंदाच तसा होता. राखणीची कुत्री तयार करणाऱ्या एका उस्तादाच्या आवारात हा माणूस कापूस ठासलेला, गोणपाटाचा जाडजूड अंगरखा चढवून उभा राहायचा आणि कुत्री त्याच्यावर सोडली जायची. एक दमलं की दुसरं. चावून घेणं हाच त्याचा हुद्दा.

आता कुणी म्हणेल, यात कसलं आलंय कौशल्य? उभं राहायचं नि चावून घ्यायचं. राहून बघा म्हणावं एकदा. अहो, कुत्र्याला नुसतं चिडवायला अक्कल लागत नाही, ते गल्लीतली कार्टीही करतात. चिडलेलं कुत्रं आतून घाबरलेलं असतं. चार फटके पडले की शेपूट घालून पळतं. गादी कुत्र्याला चिडवायचा नाही, हावरा करायचा. उस्ताद पट्टा ताणून धरायचा. समोरून गादी यायचा, एक हात छातीपुढे आडवा, त्यावर उशीएवढी जाड बाही. कुत्र्याच्या डोळ्यांत रोखून बघायचा आणि एकदम पाठ फिरवून पळत सुटायचा. उस्ताद पट्टा सोडायचा. कुत्रा येऊन बाहीत दात रुतवायचा, आणि मग गादी त्याला बुक्के हाणायचा, वेताच्या काठीचे फटके ओढायचा, खाली पाडून अंगाखाली दाबायचा, सोड, सोड, मेलो म्हणून बोंबलायचा. कुत्र्यानं ऐकायचं नाही. सोड म्हणायचा अधिकार एकट्या पट्टा धरणाऱ्याचा. जो सगळं सोसून पकड आणखी घट्ट करेल, त्याच्यासाठी गादी शेवटी बाहीतून हात काढून घ्यायचा, आणि तो पठ्ठ्या ती बाही तोंडात धरून आवारभर मिरवायचा. म्हणजे त्या कुत्र्यांच्या लेखी मार हा खेळ, दाबणं हा खेळ, आणि पाठ फिरवणं ही खेळाची सुरुवात.

गादीचं उघडं अंग बघून नवखा माणूस गार पडायचा. डाव्या कोपराखाली मांसाचा एक लचका कायमचा गेलेला. एका कानाला पाळी नाही. बरगडी एकदा मोडून वाकडी जुळलेली, ती खोल श्वास घेतला की टोचायची. एकदा अंगरख्याची मांडीमागची शिवण उसवली आणि एक कुत्री नेमकी तिथंच लटकली. बुटात रक्त साचून पचपच वाजत होतं, तरी यानं धडा पुरा केला. मग टाके घालून आला आणि त्याच दिवशी दुपारी पुन्हा अंगरखा चढवला. हा त्याचा बाणा होता. ज्या दिवशी चावलं त्याच दिवशी परत आत जायचं. नाहीतर भीती घर करते आणि माणूस पुन्हा कधी आत जात नाही.

बायको शिवणकाम करायची, पडदे, खुर्च्यांची कव्हरं, असलं. अंगरखाही तीच दाभणानं शिवायची आणि नवऱ्याच्या जखमाही तीच धुवायची. लोकांचे नवरे झिजतात, माझा उसवतो, म्हणायची.

लेक मात्र दुसऱ्या टोकाची निघाली. गाड्या धुणाऱ्याच्या धंद्यामागे तिनं एक पत्र्याची शेड घेतली होती, आत जाळीचे गाळे, आणि तिथं ती बिघडलेली कुत्री सुधारायची. सगळे तिला ताई म्हणत, बापही म्हणायचा. मारझोड झालेली, साखळीला सडलेली, माणूस दिसला की भिंतीत शिरू बघणारी आणि हात पुढे केला की तोडणारी कुत्री लोक तिच्याकडे आणून टाकत. ताई गाळ्यात जाऊन तिरकी, पाठमोरी बसायची. बघायची नाही, बोलायची नाही. भोवती मांसाचे बारीक तुकडे विखरून ठेवायची आणि तासन्‌तास तशीच. गादी पहिल्यांदा बघायला गेला तेव्हा त्याला हसू आवरेना. मी बिघडवतो, तू सुधारतेस, म्हणाला, घरातच दोन्ही दुकानं झाली.

हसू जिरलं ते एका काळ्या कुत्रीपायी. तिच्या मानेत तार रुतून मांस वर आलं होतं आणि ती तार काढायला गेलेल्या माणसाच्या बोटाचं टोक तिनं तोडलं होतं. तीच कुत्री एक दिवस गादीच्या डोळ्यांदेखत सरपटत आली, ताईच्या बुटावर हनुवटी ठेवली आणि झोपी गेली. गादी जाळीला नाक लावून बघत बसला. असलं तोडणारं कुत्रं माणसापाशी असं निवलेलं त्यानं आयुष्यात कधी पाहिलंच नव्हतं.

तेव्हापासून त्याला नाद लागला. टीव्हीवर एक कुत्रेवाला यायचा. कसलंही खवळलेलं कुत्रं त्याच्यापुढे आणा, हा छाती काढून उभा राहायचा, मानेत दोन बोटं टोचून श्श करायचा, आणि तरी नाहीच बधलं तर कुशीवर आडवं पाडून शांत होईपर्यंत दाबून धरायचा. कार्यक्रम संपेस्तोवर कुत्रं गरीब गाय. गादी सुजलेले हात कोमट पाण्यात बुडवून तो कार्यक्रम बघत बसायचा, डोळ्याची पापणी न लववता. ताई नाक मुरडायची. म्हणायची, बाबा, ते शांत होत नाही, ते हरतं. पण गादीला या बारकाव्याशी काय देणंघेणं? खवळलेलं कुत्रं निवतं, एवढं त्याला पुरे होतं.

आणि मग खिळ्याचं झालं.

खिळा म्हणजे गादीनं घडवलेल्यांतला सर्वांत उत्तम. रुंद छातीचा, मातकट रंगाचा, एकदा तोंड लावलं की ठोकून बसवल्यासारखा, म्हणून खिळा. बाकीची कुत्री चावताना गुरगुरायची. हा चावताना अवाक्षर काढायचा नाही, डोळे अर्धवट मिटून लटकायचा. काम झालं, अंगरखा उतरला, की गादीच्या पावलांवर आडवा पडून घोरायचा. गादीला पोटची एकच लेक, पण खरं बोलायचं तर या कुत्र्यावर त्याचा जीव होता तसा कुणावर नव्हता, आणि बायकोलाही ते ठाऊक होतं. तो गोदामवाल्याला विकला गेला त्या दिवशी हा माणूस जेवला नाही.

गोदामात खिळ्यानं बरेच दिवस चोख राखण केली. मग एका दुपारी दोन हमालांची आपसांत गंमत चालली होती. एकानं दुसऱ्याला टपली मारली आणि पाठ फिरवून पळाला. खिळा साखळीची कडी उपटून गेला. त्या माणसानं तोंड वाचवायला हात आडवा धरला, म्हणजे नेमकं जे करायला नको तेच केलं. बाकीचे धावले, खोक्यांच्या फळ्या काढून खिळ्याच्या पाठीवर बडवू लागले, आणि प्रत्येक फटक्यागणिक तो आणखी आत रुतत गेला. रोज त्याचा पट्टा धरणारा पहारेकरी धावत येऊन सोड म्हणेपर्यंत त्या हमालाचा हात कोपरापासून मनगटापर्यंत सोलून निघाला होता. आतली पांढरी शीर दिसत होती, असं बघणाऱ्यांनी सांगितलं.

गोदामवाल्यानं कुत्र्यांच्या डॉक्टरला बोलावणं धाडलं. एक सुई आणि विषय संपला. गादी उस्तादाकडे धावला, तर उस्ताद चहा ढवळत म्हणाला, कुत्र्यानं काही चूक केली नाही, पण मरावं लागणार ते त्यालाच. गादी तडक गोदामवाल्याच्या दारात गेला, तिथं त्यानं हात जोडले, गयावया केली, आणि एवढी सवलत मिळवली की ताईनं कुत्रा ताब्यात घ्यावा, सुधारावा, आणि हा आता कुणाला काही करणार नाही असं स्वतःच्या तोंडानं सांगावं. जमलं तर कुत्रा गादीचा. नाही तर सुई.

ताई नाही म्हणाली. स्वच्छ नाही. माझं सगळं घाबरलेल्या कुत्र्यांसाठी आहे, तिनं समजावलं. त्यांची भीती काढली की चावणं आपोआप जातं. तुमच्या खिळ्याच्या पोटात भीतीचा कण नाही, मी काय काढू? गादी म्हणाला, त्या काळ्या कुत्रीचं कसं झालं मग? ती म्हणाली, ती वेगळी. तो म्हणाला, टीव्हीवाला करतो ते? ती म्हणाली, त्याच्यापुढे असला कुत्रा कुणी आणलाच नाही अजून. बोलणं वाढत गेलं. शेवटी बापाचा आवाज फुटला.

"पाया पडू का तुझ्या? सांग, पडतो."

आयुष्यात ज्यानं लेकीपुढे कधी मान वाकवली नाही, तो बाप असं बोलला म्हटल्यावर लेक काय करणार? तिनं गाळा रिकामा करून दिला. बायको दाभण हातात तसंच धरून म्हणाली, कुत्र्यासाठी पोरीला भरीस घालू नका. गादीनं ते कानामागे टाकलं.

पहिले काही दिवस तर गादीला वाटलं, उगाच घाबरली पोरगी. खिळा गाळ्यात राजासारखा राहिला. तुकडे टाकले, खाल्ले. जवळ बसली, जवळ बसला. बस म्हटलं की बसायचा, ये म्हटलं की यायचा. गाड्या धुणाऱ्याच्या लहान मुलीनं जाळीतून बोट घातलं तर चाटलं. गादी गावभर सांगत सुटला की लेकीनं जादू केली. ताईला मात्र चैन नव्हतं. हा आधीपासूनच असा आहे, म्हणायची, मी काहीच केलेलं नाही.

मग तिनं खरी परीक्षा घ्यायला सुरुवात केली, आणि सगळं उलटं पडू लागलं. भित्र्या कुत्र्यापुढे पाठमोरं व्हायचं, म्हणजे त्याचा जीव भांड्यात पडतो. ताई खिळ्यापुढे पाठमोरी झाली आणि मागे त्याच्या घशातून एक बारीक, आतुर आवाज आला. ती दोन पावलं दूर गेली तर तो झेपावला. भिंतीच्या कडीला पट्टा अडकवला होता म्हणून वाचली. पट्टा आवरला की भित्रं कुत्रं मवाळतं. हा ताणलेल्या पट्ट्यात दुप्पट झाला. मानेत बोटं टोचून श्श केलं तर त्यानं डोळे बारीक करून तिच्या हाताकडे पाहिलं, आता काय नवीन, अशा थाटात. सुधारायची म्हणून जी जी युक्ती ती करायची, ती गादीनं आवारात कधीचीच वापरून टाकली होती.

"हा घाबरलेला नाही, बाबा," ती म्हणाली. "हा कामावर आलाय. मी काहीही केलं तरी त्याला वाटतं, चला, काम सुरू झालं."

गादीला ते ऐकायचंच नव्हतं. गोदामवाल्यानं विचारायला माणूस धाडला होता आणि सुईचं नाव पुन्हा निघालं होतं. गादीचा जीव टांगणीला लागलेला. तो लेकीच्या मागेच लागला. तू फार हळुबाई आहेस, म्हणाला, एकदा त्या टीव्हीवाल्यासारखं आडवं पाडून धर, त्याला कळू दे मालक कोण. उघड्या माणसाला माझा कुत्रा तोंड लावणार नाही, तो बाही बघूनच चावतो, ही माझी जबाबदारी. हमालाचं काय झालं ते त्यानं कसं पोटात घातलं कोण जाणे. माणसाला कुणाला वाचवायचं असतं तेव्हा तो समोर दिसतं तेही बघत नाही.

एका सकाळी ताईनं ते केलं. पट्टा मनगटाला गुंडाळला, खिळ्याच्या खांद्याला रेटा दिला, कुशीवर पाडला आणि मानेवर हात टेकून सगळा भार टाकला. गादी जाळीबाहेर उभा. खिळा क्षणभर अगदी पडून राहिला. बघ, निवला, असं गादी म्हणतो न म्हणतो तोच त्या कुत्र्यानं मान वळवली आणि ताईचा उघडा हात मनगटाच्या वर तोंडात घेतला. गुरगुर नाही, काही नाही. हाडाचा आवाज जाळीबाहेर ऐकू आला. पोरगी खमकी. ओरडली नाही, हात ओढला नाही. दात आवळून सोड म्हणाली, आणि खिळ्यानं सोडलं. उठून बसला आणि तिच्याकडे बघत राहिला.

ताईच्या कोपरापर्यंत रक्ताचे ओघळ आले होते. गादीनं धावत जाऊन जाळीचं दार उघडलं, हे खरं. पण दुसऱ्याच क्षणी त्याच्या डोक्यात जे आलं ते ऐकून तुम्हीही कपाळाला हात लावाल. तो म्हणाला, सोडलं! तुझं ऐकलं त्यानं! पट्टा तिच्या मनगटाला होता म्हणून त्यानं ऐकलं, हे त्या वेळी त्याला सुचलंच नाही.

डॉक्टरनं हाड तडकल्याचं सांगितलं. अर्धं प्लास्टर, त्यावर कापूस, त्यावर पट्ट्यांचे थरावर थर, आणि हात गळ्यात. दवाखान्यातून निघताना ताई पांढरीफटक पडली होती. गादी वाटेत तिला आपला बाणा सांगत होता. आजच आत जायचं. नुसतं उभं राहायचं, पट्टाबिट्टा काही नाही, तुकडा टाकायचा आणि बाहेर यायचं. आज नाही गेलीस तर तुझ्या मनात भीती राहील, त्याला ती कळेल, आणि मग संपलं सगळं, तुझंही नि त्याचंही. बायकोनं दारातच वाट अडवली, तोंडाला येईल ते बोलली. पण ताईही शेवटी त्याच बापाची. भित्रेपणाचा शब्द तिला लागला. ती बाजूनं निघून गेली.

या माणसानं आयुष्यभर ती बाही घातली होती. बाहीचं वजन, वास, घाम, सगळं त्याला पाठ. पण त्यानं ती कायम आतून पाहिली. कुत्र्याच्या डोळ्यांनी एकदाही नाही. आणि म्हणून छातीपुढे आडवा धरलेला, पांढरा, फुगलेला हात घेऊन लेक गाळ्याचं दार उघडून आत गेली, तेव्हा सगळ्या जगात ज्याला ते कळायला हवं होतं त्यालाच कळलं नाही.

खिळा उठला. कान पुढे आले. शेपटी हलायला लागली, अगदी कमरेपासून.

"बघ," गादी म्हणाला, "ओळखलं तुला."

खिळ्यानं झेप घेतली ती सरळ पट्ट्यांवर. सगळं तोंड भरून. ताई मागच्या मागे भिंतीवर आदळली आणि घसरून खाली बसली. त्यानं झटका दिला, एक, मग दुसरा, आणि दुसऱ्याला तिचा खांदा निखळला. आता ती ओरडली. सोड म्हणाली, पुन्हा पुन्हा म्हणाली. खिळ्यानं पकड आणखी आत सरकवली. बाहीतला माणूस सोड म्हणतच असतो, त्याचं ऐकायचं नसतं. तेव्हा गादीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि देवा, तो काय प्रकाश होता! तो आत धावला आणि सोड म्हणाला. कुत्र्यानं त्याचंही ऐकलं नाही. गादीचं तर त्यानं कधीच ऐकायचं नव्हतं.

आरडाओरडा ऐकून गाड्या धुणारा लोखंडी नळी घेऊन आला आणि खिळ्याच्या पाठीवर घालू लागला. गादी जिवाच्या आकांतानं त्याला नको म्हणत होता. प्रत्येक घावाला जबडा आवळत होता आणि प्लास्टर कडकड फुटत होतं. शेवटी गादीनं त्या माणसाला ढकलून गाळ्याबाहेर काढलं आणि माणसं आणायला पिटाळलं. गुडघ्यांवर बसून त्यानं लेकीच्या गळ्यातल्या झोळीची गाठ दातांनी तोडली, तिच्या दंडाला धरलं आणि हात मागे खेचला, पट्ट्यांतून, प्लास्टरमधून. ताईनं जी किंकाळी फोडली ती त्याला मरेपर्यंत ऐकू येणार आहे. हात सुटला, पण त्याची कातडी काही ठिकाणी आतच राहिली. खिळ्याच्या तोंडात पांढरं भेंडोळं लोंबत राहिलं, आणि तो ते घेऊन गाळ्यातल्या गाळ्यात मिरवू लागला, मान ताठ करून.

गादीनं लेकीला दाराकडे सरपटवलं. तेवढ्यात खिळ्यानं भेंडोळं टाकलं आणि वळला. समोर गादी होता, त्याचा जुना सोबती, आणि काम रंगात आलेलं. अंगात साधा सदरा. गादीला एकच गोष्ट येत होती. त्यानं लेकीच्या आणि कुत्र्याच्या मधे उभं राहून डावा हात छातीपुढे आडवा धरला आणि तो दिला.

गोणपाट नसताना काय होतं, ते त्याला पहिल्यांदाच पुरतं कळलं. दात मांसातून सरळ हाडापर्यंत गेले आणि एकमेकांना भिडायला बघू लागले. तो खाली पडला. खिळा झटके देत होता आणि हाताचं एकेक काही तुटत होतं, कुठं पिळवटल्यासारखं, कुठं काडी मोडल्यासारखं. उजव्या मुठीनं त्यानं कुत्र्याच्या नाकावर एकदाही मारलं नाही. मारून काही होणार नव्हतं. ताई, बाहेर जा, दार लाव, एवढंच तो म्हणत होता.

ताई दारापर्यंत पोचली होती. बाहेर जायचं आणि कडी लावायची, एवढंच उरलं होतं. ती परत आली. एक हात लुळा लोंबतोय, दुसऱ्यात झाडूचा दांडा. ती खिळ्याच्या पाठीवर दोन्हीकडे पाय टाकून बसली आणि बापाकडे बघू लागली, कारण पुढचं तिला येत नव्हतं. तिनं कुत्र्यावर कधी साधी चापट उगारली नव्हती.

गादीनं सांगितलं. गळपट्ट्यात दांडा घाल. पिळ. आणखी पिळ. थांबू नकोस. ताई एका हातानं आणि छातीनं पिळत राहिली. तिच्या नाकातोंडातून पाणी गळत होतं. खिळ्याचे डोळे तांबडे होऊन बाहेर आले, घशात खरखर झाली, जीभ जांभळी पडून गादीच्या हाताखालून बाहेर आली. कितीतरी वेळानं जबडा ढिला पडला. गादीनं आपला हात बाहेर ओढला. तो हात राहिला नव्हता.

"बाबा, सुटलं तोंड," ताई धापा टाकत म्हणाली. "सैल करू?"

गादीनं खिळ्याकडे पाहिलं. छाती अजून बारीक हलत होती. सैल केलं असतं तर त्यानं श्वास घेतला असता, उठला असता. साखळीही घालता आली असती. पण मग पुन्हा कुणीतरी त्याच्यासाठी कुणाच्यातरी पाया पडलं असतं, आणि ते कुणीतरी आपणच असणार हे गादीला पक्कं ठाऊक होतं. समोर लेकीचा सोललेला हात होता.

"नको," तो म्हणाला. "धरून ठेव."

ताईनं बापाकडे एकदा बघितलं आणि धरून ठेवलं.

गादीचा हात कोपराखाली काढावा लागला. ताईचा राहिला, पण दोन बोटं मिटत नाहीत आणि खांदा वर जात नाही. बायको दोघांमधे फेऱ्या घालायची, दोघांना भरवायची, आणि नवऱ्याशी चकार शब्द बोलायची नाही. तिनं बोलू नये हेच बरोबर होतं. गादीला चालता येऊ लागलं तसा तो लेकीच्या खाटेपाशी येऊन बसायचा. ताई त्याला टाळायची नाही. मग एका दुपारी तिनं विचारलं.

"मी पट्टी बांधून आत गेले, तेव्हा तुम्हाला काहीच दिसलं नाही?"

गादीला खोटं बोलता आलं असतं. तो म्हणाला, "दिसलं. शेपटी हलवत होता. मला वाटलं, तुला बघून हलवतोय."

ताईनं तोंड छताकडे वळवलं.

"मी पिळत होते ना बाबा, तेव्हापण हलत होती," ती म्हणाली. "माझ्या टाचांवर आपटत होती. आधी जोरात, मग हळूहळू."